सतरा नंबरचा अभिप्राय

मावशीचा कुणावर विश्वास नव्हता, आणि त्याचाच तिला पगार मिळत होता. एकोणीस वर्षं ती एका कंपनीत गेम तपासत होती. दुसऱ्याने बनवलेला गेम हातात घ्यायचा, तो कुठे मोडतो ते शोधायचं आणि बनवणाऱ्याला जाऊन सांगायचं, की बाबा रे, तुझा हा दरवाजा उलट्या बाजूने ढकलला तर माणूस भिंतीत अडकतो. बनवणारा म्हणायचा, उलट्या बाजूने कोण ढकलेल? मावशी म्हणायची, मी. एकोणीस वर्षं असं केल्यावर स्वभावाचं जे व्हायचं ते झालं होतं. दुकानदार जरा हसून बोलला, तर ती घरी येऊन पाकिटावरची तारीख दोनदा वाचायची.

'चाळणी' हे नाव तिला भाचीने ठेवलं होतं, धाकट्या बहिणीच्या मुलीने. भाची नऊ वर्षांची असताना तिने शाळेचा निबंध हौसेने मावशीला दाखवला आणि मावशीने त्याच्यावर लाल पेन चालवलं. पोरगी रडली नाही. "तू चाळणी आहेस," एवढंच म्हणाली आणि वही घेऊन गेली. तेव्हापासून ते नाव घरात रुजलं. घरात म्हणजे चौघांत: भाची, तिचे आईवडील आणि मावशीचा नवरा. ऑफिसात कुणाला त्याचा पत्ता लागू नये म्हणून मावशी डोळ्यांत तेल घालून जपायची.

त्या वर्षी तिला एका गेम जॅमची परीक्षक म्हणून बोलावणं आलं. जॅम म्हणजे स्पर्धा. शुक्रवारी संध्याकाळी विषय जाहीर होतो, आणि रविवारी संध्याकाळपर्यंत प्रत्येकाने एकट्याने त्या विषयावर ब्राउझरमध्ये चालणारा छोटासा गेम बनवून जॅमच्या साइटवर चढवायचा. पुढचा आठवडाभर तीन परीक्षक ते सगळे खेळतात, गुण देतात आणि एकेका गेमवर अभिप्राय लिहितात. यंदा विषय होता 'उशीर' आणि गेम आले होते चौतीस. पहिल्या येणाऱ्याला एका मोठ्या कंपनीत सहा महिने शिकाऊ म्हणून जागा होती, आणि आत गेलेलं माणूस सहसा बाहेर येत नाही, तिथेच कायम होतं, असा अनुभव होता.

त्या चौतिसांत एक भाचीचा होता.

भाचीने दोन वर्षांपूर्वी कॉलेज अर्ध्यावर सोडलं होतं. दिवसभर खोलीचं दार लावून गेम बनवायची. तिच्या वडिलांचं फरश्यांचं दुकान होतं, आणि त्यांनी फरशीइतकाच घट्ट शब्द दिला होता. जॅममध्ये पहिली आलीस तर खुशाल जा. नाही आलीस तर पुढच्या सोमवारपासून माझ्या काउंटरवर बसायचं आणि पुन्हा गेमचं नाव काढायचं नाही. या गृहस्थाने बोललेला शब्द फिरवल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं.

मावशीने हे सगळं आयोजकाला आधीच लेखी कळवलं होतं. आयोजक म्हणाला, हरकत नाही. गेमना फक्त नंबर असतात, कुठला कुणाचा ते त्याच्याशिवाय कुणाला ठाऊक नसतं. मात्र एक नियम कडक होता: स्पर्धकाने आपला नंबर परीक्षकाला सांगितला की तो गेम बाद. कसा सांगितला, का सांगितला, याची चौकशी नाही. "चौकशीत शिरलो की माझं आयुष्य त्यातच जाईल," असं तो म्हणायचा. भाचीनेही स्वतःहून बजावलं होतं, "मला तुझा वशिला नको, मावशी. निकाल लागेपर्यंत मला फोनसुद्धा करू नकोस." मावशीने केला नव्हता.

सोमवारी तिने जेवणाच्या टेबलावर कॉम्प्युटर मांडला आणि वही उघडली. तिची पद्धत ठरलेली होती. प्रत्येक गेमसाठी ब्राउझरची कोरी खिडकी उघडायची, म्हणजे इन्कॉग्निटो. ती बंद केली की आत जे काही घडलं ते पुसलं जातं आणि पुढच्या गेमला मागच्याचा वारा लागत नाही. ऑफिसातल्या नवख्या पोरांना ती हे दर आठवड्याला ऐकवायची आणि ती पोरं जांभया द्यायची.

पहिल्या दिवशी सोळा गेम झाले. चार नंबरमध्ये घड्याळ बंद करायला धावणारा माणूस होता. दोन बटणं एकदम दाबली की तो छपरातून वर निघून जायचा. नऊ नंबरच्या आवाजाची फाइल जॅमच्या तीन महिने आधीची निघाली, तिथे तिने लाल खूण केली. अकरा नंबरवाल्याला तिने लिहिलं, 'तुमचं कासव तिसऱ्या पायरीवरून मागे वळवलं की जमिनीखाली जातं आणि परत येत नाही. चित्रं सुरेख. आधी कासव वाचवा.' नुसतं 'छान आहे' असं तिने आजवर कुणाला लिहिलं नव्हतं. छान आहे म्हणणारा माणूस एकतर खेळलेला नसतो किंवा खोटं बोलत असतो, असं तिचं मत होतं.

मंगळवारी सकाळी सतरा नंबर उघडला. दवाखान्यातली बाहेरची खोली. आधी नाव विचारलं. ते आपल्या छातीवरच्या बिल्ल्यावर येतं. मग सात खुर्च्या आणि आपापला नंबर धरून बसलेले पेशंट. डॉक्टरांना यायला उशीर झालाय, आणि आपण एकेकाला आत सोडायचं, बाकीच्यांना समजवायचं. एका आजोबांकडे मात्र नंबरच नाही. कुणीही आत गेलं की ते आपली पिशवी उचलतात आणि दाराकडे एक खुर्ची सरकतात. संध्याकाळ होते, दवाखाना बंद होतो. दुसऱ्या दिवशी आजोबा पुन्हा पहिल्या खुर्चीवर.

मावशीला तो गेम सोडवेना. कोऱ्या खिडकीत तो बंद केला की सगळं पुसलं जाणार, पुन्हा पहिला दिवस. म्हणून तिने तो साध्या खिडकीत उघडला, नाव काहीतरी टाकलं आणि दुपारी, मग चहानंतर, असा परत परत खेळली. वहीत एक अक्षर लिहिलं नाही. शेवटी अभिप्राय लिहिला: 'हा गेम मी तीनदा उघडला, त्यात दोनदा तपासायला नव्हे. आजोबा कुणाची वाट बघतायत ते तुम्ही सांगितलं नाहीत, आणि मी भांडी घासतानाही तोच विचार करत होते. काही बदलू नका.' लिहून झाल्यावर तिला जरा लाजल्यासारखं झालं, पण तिने ते तसंच पाठवलं.

गुरुवारी दुपारी एकोणतीस नंबरची पाळी आली. रिकामा बस थांबा, एक बाक, बाकावर हिरवी छत्री घेतलेली एक म्हातारी. बटण नाही, सूचना नाही, काही नाही. मग म्हातारीने मान वळवली आणि तिच्या डोक्यावर अक्षरं उमटली.

'चाळणी, पुन्हा उशीर?'

मावशीने इकडेतिकडे पाहिलं, जणू मागे कुणी उभं आहे. गेमने नाव विचारलं नव्हतं. तिने काही टाइप केलं नव्हतं. तिने गेम बंद करून उघडला. 'चाळणी, पुन्हा उशीर?' कॉम्प्युटर बंद करून चालू केला, पाणी प्यायली, पुन्हा उघडला. म्हातारी तेच म्हणाली.

आता पाल चुकचुकली ती चुकचुकतच राहिली. हे नाव जगात चार माणसांना ठाऊक. चौघांपैकी गेम बनवणारं माणूस एक. आणि 'पुन्हा उशीर' म्हणजे काय? भाचीच्या शाळेच्या नाटकाला मावशी पोचली तेव्हा पडदा पडून खुर्च्या आवरत होते, यावरून घरात अजून टोमणे मारतात. म्हणजे पोरीने नंबर तोंडाने सांगितला नाही, पण म्हातारीकडून सांगितला. मावशी, ओळखलंस ना, हा माझा. नियमात बसवून केलेली लबाडी. वशिला नको म्हणणाऱ्या पोरीने मावशीच्याच डोळ्यांत धूळ फेकायचा घाट घातला होता.

ती पुढे खेळली, पण आता तपासत नव्हती, पुरावे गोळा करत होती. हिरवी छत्री: बहिणीकडे तशीच आहे. म्हातारी वाक्याच्या शेवटी 'असो' म्हणते: बहीण म्हणते. बाकाचा एक पाय आखूड आहे: त्यांच्या दुकानातलं स्टूल डुगडुगतं. अर्ध्या तासात त्या थांब्यावरची एकही वस्तू अशी उरली नाही, जी तिला बहिणीच्या घरातून उचललेली वाटली नाही.

मावशीचा नवरा दंतवैद्य. घराला लागूनच त्याचा दवाखाना होता आणि दोनच्या सुमाराला तो जेवायला यायचा. त्याने ताट वाढून घेतलं आणि बायकोचा चेहरा पाहून विचारलं, "कुणी काय केलं?"

तिने सांगितलं. त्याने शांतपणे घास चावला.

"तिला विचारलंस?"

"विचारायचं काय त्यात? नाव आहे ना समोर."

"माझ्याकडे रोज एकजण येतो," तो म्हणाला, "खालचा दात दुखतो म्हणून. काढा म्हणतो. फोटो काढून बघावं तर किडलेला असतो वरचा. दुखतं एकीकडे, असतं दुसरीकडे."

"इथे दातांचं काय?"

"काही नाही. फोटो काढून बघ, एवढंच म्हणतो. घाई करू नकोस."

पण मावशीला आता दम निघत नव्हता. राग होताच, त्याहून जास्त ती दुखावली होती. एकोणीस वर्षं आपण कानामात्रेचा फरक सोडला नाही, आणि घरचीच पोरगी आपल्याला विकत घेऊ बघते. आयोजकाला सांगितलं तर पोरगी बाद आणि सोमवारी काउंटरवर. न सांगितलं तर आपण चोराच्या वाटेकरी. तिला वाटलं, आधी तिच्या तोंडून ऐकू, मग काय ते ठरवू. तिने फोन लावला.

"मावशी?" भाची दबक्या आवाजात म्हणाली. "फोन करायचा नाही असं ठरलंय ना?"

"एकोणतीस तुझा ना?"

"काय एकोणतीस?"

"मला मूर्ख समजू नकोस. म्हातारीच्या तोंडी माझं घरातलं नाव घातलंस. मी ओळखावं म्हणूनच ना?"

"मी कुठल्याही म्हातारीच्या तोंडी काही घातलेलं नाही."

"नक्की?"

"नक्की."

"मग त्या गेमला चाळणी हे नाव कळलं कुठून? चौघांना ठाऊक आहे. तुझे बाबा गेम बनवायला लागले का?"

भाची म्हणाली, "तू मला लबाड म्हणतेयस."

"मी विचारतेय."

"तू विचारत नाहीयेस. तू ठरवून फोन केलायस."

"तुझा नसेल तर नसेल, पण नुसतं नाही म्हणून मी कसं मानू? मला काहीतरी..."

"माझा सतरा आहे," भाची म्हणाली. "दवाखाना. माझा सतरा आहे, मावशी. झालं समाधान?"

काय होऊन बसलं ते दोघींना एकाच वेळी कळलं.

"मी हे बोलायला नको होतं," ती हळूच म्हणाली, आणि फोन ठेवला.

मावशी उठली आणि दवाखान्याच्या रिसेप्शनवर गेली. तिथल्या कॉम्प्युटरवर कुणी कधी गेम उघडला नव्हता. दोन पेशंट मासिकं चाळत होते. त्यांच्या देखत तिने जॅमची साइट उघडली आणि एकोणतीस नंबर चालू केला. बस थांबा, बाक, हिरवी छत्री. म्हातारीने मान वळवली. 'नवीन दिसतेस. तुझं नाव काय?' आणि खाली नाव लिहायला रिकामी चौकट.

एवढं पाहिलं आणि तिला सगळं उलगडलं. जो पहिल्यांदा येतो त्याला म्हातारी नाव विचारते. नाव आधीच साठवलेलं असेल तर तिला वाटतं हा जुनाच, आणि ती 'पुन्हा उशीर?' म्हणते. चौतीसही गेम एकाच साइटवर होते, आणि ब्राउझर एका साइटला माहिती साठवायला एकच कपाट देतो. प्रत्येकाने आपल्या डब्यावर आपल्या गेमचं नाव टाकायचं असतं. सतरा नंबरने आपल्या डब्यावर नुसतं 'नाव' लिहिलं होतं. एकोणतीसने कपाट उघडून 'नाव' लिहिलेला डबा शोधला आणि त्यात मावशीनेच मंगळवारी टाकलेलं नाव सापडलं. आपण काय टाकलं होतं ते तिला आता आठवलं. खोटं नाव हवं होतं, जवळचं होतं ते टाकलं. वहीत नोंद केली नव्हती, कारण वही उघडलीच नव्हती. आणि गुरुवारी कोरी खिडकी उघडायची सोडून, दवाखान्याचा गेम उघडाच होता म्हणून, त्याच साध्या खिडकीत एकोणतीस नंबर दाबला होता. एखाद्या नवख्या पोराने हे केलं असतं तर तिने त्याला फाडून खाल्लं असतं. दुसऱ्या मशीनवर चालवून बघायला पाच मिनिटं लागली. ती पाच मिनिटं फोनच्या आधी द्यायची होती.

गप्प बसता आलं असतं. फोनवरचं बोलणं दोघींशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं, आणि भाची काही बोलणार नव्हती. पण सापडलेली चूक झाकून ठेवायची तिला सवय नव्हती, स्वतःची तर नाहीच. तिने मनाशी वाक्यं जुळवली: चूक माझी, शिक्षा मला द्या, मुलीचा काही संबंध नाही. ती वाक्यं तिला इतकी पटली की तिला शांत झोप लागली.

शुक्रवारी सकाळी ती आयोजकाकडे गेली. त्याची कचेरी एका छापखान्याच्या वर होती. खाली यंत्र चालू झालं की त्याच्या टेबलावरचे पेन हळूहळू कडेला सरकायचे आणि तो बोलता बोलता ते मागे ओढून घ्यायचा. मावशीने सुरुवातीपासून सगळं सांगितलं. तो मध्ये बोलला नाही. झाल्यावर त्याने स्क्रीन स्वतःकडे वळवली.

"मंगळवारी सतरा नंबर तुम्ही दोन तास दहा मिनिटं खेळलात. बाकीचे सरासरी वीस मिनिटं."

"हो. मला आवडला."

"अभिप्राय. 'काही बदलू नका.' हे वाक्य तुम्ही याआधी कुणाला लिहिलंय?"

"नाही."

"चौतिसात एकालाच लिहिलंत, आणि नेमका तो भाचीचा निघाला."

"मला माहीत नव्हतं. गुरुवारी कळलं. तेही मी फोन केला म्हणून."

"असेल," आयोजक म्हणाला, आणि एक पेन मागे ओढला.

ते 'असेल' मावशीला चांगलंच ओळखीचं होतं. समोरचा खोटं बोलतोय असं वाटलं पण सिद्ध करायला वेळ नसला, की ती स्वतः असंच म्हणायची. एकोणीस वर्षांत तिच्याकडे कुणी असं पाहिलं नव्हतं.

"माझे गुण काढून टाका," ती म्हणाली. "मला काढा. पुन्हा बोलावू नका."

"तुम्हाला तर काढावंच लागेल." त्याने तक्ता खाली सरकवला. "तुमचे गुण वगळले तरी सतरा पहिलाच येतो. बाकी दोघांनीही वर ठेवलाय."

"मग अडचण काय?"

"अडचण अशी, की पहिली आलेली मुलगी परीक्षकाची भाची, तिने नंबर परीक्षकाला सांगितलेला, आणि परीक्षक म्हणते की आधी माहीत नव्हतं. उद्या दुसऱ्या नंबरवाल्याचा बाप इथे येऊन बसला तर त्याला मी काय दाखवू?"

मावशीकडे दाखवण्यासारखं काही नव्हतं. आयोजकाच्या खुर्चीत ती असती तर हेच बोलली असती, किंबहुना जास्त धारदार बोलली असती, आणि हेच तिला सहन होईना. सतरा नंबर त्याच दुपारी साइटवरून निघाला.

सोमवारी ती फरश्यांच्या दुकानात गेली. वेळेवर गेली. दारातच नमुने उभे करून ठेवले होते, पांढरे, करडे, लाकडासारखे दिसणारे. भाची काउंटरमागे बसून एका नमुन्यावरची धूळ पुसत होती. तिचे वडील मागे, काचेच्या खोलीत कागद बघत होते.

"ये," भाची म्हणाली. त्यात राग नव्हता. राग असता तर मावशीला बरं वाटलं असतं.

"मी येऊन..."

"मावशी, एक विचारू?" तिने फोन पुढे सरकवला. "अभिप्राय आलेत तिघांचे. बाद झालेल्यांनाही पाठवतात. बाकी दोघांनी चार-चार चुका काढल्यात. तू एकही काढली नाहीस."

"मला दिसली नव्हती."

"तुला." भाचीने फडकं खाली ठेवलं. "तू आजवर कुणाला सोडलं आहेस? तुला माहीत होतं माझा आहे ते. माझ्यासाठी लिहिलंस."

"नाही गं."

"नक्की?"

गुरुवारी याच शब्दाने मावशीने या मुलीला कोपऱ्यात गाठलं होतं. तिच्या लक्षात आलं, की जागा गेली ती गेलीच, आता कौतुकही जातंय. पोरीला वाटतंय की मावशीने दया दाखवली. येताना तिने ठरवलं होतं की डब्याची गोष्ट भाचीला सांगायची नाही. तिने स्वतःला दोष देण्यापेक्षा सगळा दोष आपल्या माथी राहू दे. पण हे असं राहू देणं त्याहून वाईट होतं.

"एक चूक आहे," ती म्हणाली. "गुरुवारी सापडली, अभिप्राय पाठवून झाल्यावर. तू खेळणाऱ्याचं नाव कुठल्या नावाखाली साठवलंस?"

भाचीने क्षणभर विचार केला. "नुसतं 'नाव'." आणि मग तिचा चेहरा बदलला. तिला पुढचं सांगावं लागलं नाही. "एकोणतीसवाल्यानेही तसंच केलं?"

"हो."

"म्हणजे त्या म्हातारीला तुझं नाव माझ्या गेमने दिलं."

"तुझ्या गेमने, त्याच्या गेमने आणि माझ्या मूर्खपणाने. मी कोऱ्या खिडकीत खेळले असते तर काही झालं नसतं."

"तू नेहमी कोऱ्या खिडकीतच खेळतेस. आम्हाला लेक्चर देतेस त्याच्यावर."

"हो."

"मग सतरा का नाही खेळलीस?"

"बंद केली की सगळं पुसतं," मावशी म्हणाली. "मला त्या आजोबांचं पुढे काय होतं ते बघायचं होतं."

भाचीचे डोळे भरून आले, पण तिने ते फडक्याने पुसले नाहीत, नमुन्यांची धूळ होती त्याला. हातानेच पुसले.

"कितवी आले असते मी?"

"पहिली. माझे गुण धरून पहिली, वगळून पहिली. मी तक्ता बघितलाय."

"बाबांना सांगशील? मी सांगितलं तर त्यांना वाटेल मी मनाचं सांगतेय."

मावशी काचेच्या खोलीच्या दारात गेली. भाचीच्या वडिलांनी कागद बाजूला करून तिला खुर्ची दिली. ती बसली नाही.

"पोरगी पहिली आली होती," ती म्हणाली. "माझ्यामुळे बाद झाली. तिचा दोष नाही. तुमचा शब्द होता, पहिली आली तर. तिला गेम बनवायला मनाई करू नका."

"घरी तर पत्र आलंय, बाद म्हणून," ते म्हणाले. "पहिली आल्याचा काही कागद आहे का, ताई?"

"नाही."

"आयोजक सांगतील?"

"नाही सांगणार. त्यांचा माझ्यावर विश्वास नाही."

"मग मी कशावरून मानू?"

"मी सांगतेय म्हणून," मावशी म्हणाली.

त्यांनी चष्मा काढला आणि तिच्याकडे नीट पाहिलं. या बाईने त्यांच्या दुकानातून घेतलेल्या बारा फरश्याही एकेक मोजपट्टी लावून तपासल्या होत्या. तिलाही आत्ता तेच आठवत असावं, कारण तिची मान खाली गेली. पण ती दारातून हलली नाही.

"काउंटरवर तर बसावं लागेल," ते शेवटी म्हणाले. "जागा काही आता परत मिळत नाही."

"हो."

"संध्याकाळी सात वाजता दुकान बंद होतं. त्यानंतर तिने दार लावून काय करायचं ते मी विचारणार नाही."

मावशीने मागे वळून पाहिलं. भाचीने ऐकलं होतं. काउंटरपाशी एक गिऱ्हाईक येऊन उभं होतं, न्हाणीघरासाठी न घसरणारी फरशी मागत होतं, आणि ती त्याला करडा नमुना उचलून दाखवत होती. मावशी बापलेकीच्या मधे, काचेच्या दारातच उभी राहिली, गिऱ्हाईक जाईपर्यंत.